मुलाचं बीपी, मुलीचं कोलेस्टेरॉल आणि वडिलांची जुनी फाईल

विटा भागातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा १० वर्षांचा, वजन ४६ किलो. शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याचं बीपी १२६/८२ लिहून आलं. नवऱ्याला ३८व्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला, एक स्टेंट बसवलाय. धाकटी मुलगी ६ वर्षांची, अगदी बारीक. डॉक्टर म्हणाले, मुलाचं बीपी परत बघा आणि कोलेस्टेरॉलही तपासा. सासूबाई म्हणतात, "लेकरांना कसलं आलंय बीपी? भरल्या अंगाचं पोर तुमच्या डोळ्यांत खुपतंय." तपासावं का? आणि तपासलं तर जन्मभराच्या गोळ्या मागं लागतील का?

ताई, तपासा. दोघांनाही तपासा. मुलगी बारीक आहे म्हणून तुमच्या प्रश्नात ती एका वाक्यात उरकली गेली. पण तुमच्या घरात काळजीचं मूळ आहे ते नवऱ्याच्या ३८व्या वर्षातल्या अटॅकमध्ये, आणि ते दोन्ही लेकरांना सारखंच लागू होतं.

आधी बीपी बघू, कारण हातात कागद आहे तो बीपीचा.

मोठ्या माणसांचा १२०/८० हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मुलांचं बीपी मात्र वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं, त्यामुळे त्याचे लांबलचक तक्ते आहेत. गर्दीच्या ओपीडीत ते उघडून बघणं जमत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली त्यांच्यासोबत एक छोटा तक्ताही दिला. प्रत्येक वयाला एकच आकडा, तो ओलांडला की मोठा तक्ता उघडायचा. ३ वर्षांच्या मुलाला १०१/५८, ६ वर्षांच्या मुलीला १०५/६७, १० वर्षांच्या मुलाला १०८/७२. तेराव्या वर्षापासून मोठ्यांसारखंच १२०/८०. तुमच्या मुलाचा १२६/८२ हा आकडा मोठ्यांच्या हिशेबानं जरासा जास्त वाटेल, पण दहा वर्षांच्या मुलाला तो बराच वरचा आहे. शाळेत कुणी 'चालतंय' म्हणून सोडून दिला नाही, हे फार चांगलं झालं.

तरीही तो आकडा खरा धरण्याआधी मी पट्ट्याची चौकशी करेन. दंडाला गुंडाळतात त्या पट्ट्यात हवेची एक पिशवी असते. तिची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी, आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के. ४६ किलोच्या मुलाचा दंड साधारण २५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे त्याला १० सेंटिमीटर रुंदीची पिशवी लागते. 'लहान मुलांसाठी' असं लिहिलेला पट्टा अशा मुलाला बहुधा अपुरा पडतो, आणि पट्टा अपुरा असला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. तुमच्या मुलीच्या काडीसारख्या दंडाला मोठ्यांचा पट्टा लावला, तर उलटं होईल. बीपी कमी दिसेल आणि सगळे निश्चिंत होतील. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे दोनच पट्टे होते. जो बसेल तो लावायचो. त्या काळात किती मुलांना मी विनाकारण घाबरवलं आणि किती सुटली असतील, हा विचार आजही मला सोडत नाही. आता चार मापांचे पट्टे आहेत आणि टेबलावर मोजपट्टी असते. तुम्ही जिथं जाल तिथं विचारा, "दंड मोजला का?" डॉक्टरला राग येणार नाही, आणि आला तरी विचारा.

बाकीची रीत सोपी आहे, पण घाईत तीच मोडते. मुलानं आधी लघवी करून यावं, चहा प्यायलेला नसावा, जिना धावत चढलेला नसावा. तीन ते पाच मिनिटं गप्प बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. उजवा हात छातीच्या उंचीवर टेकवायचा. उजवाच का, याचं कारण पुढं येईल. पहिला आकडा बहुतेक मुलांत वरचा येतो, कारण पट्टा आवळला की लेकरू घाबरतं. तो वर आला तर त्याच बैठकीत आणखी दोनदा मोजून त्या दोहोंची सरासरी धरायची. मशीननं जास्त दाखवलं तर डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावून, कानानं ऐकून खात्री करायलाच हवी. शाळेच्या वर्गात, मागं चाळीस पोरं रांगेत असताना यातलं फार थोडं होतं. म्हणून शाळेचा आकडा म्हणजे निदान समजायचं नाही, पण त्या आकड्यानं तुम्हाला दवाखान्यात धाडलं एवढं त्याचं काम झालं.

एका दिवसाच्या बीपीवरून कुठल्याही मुलाला 'बीपीचा पेशंट' म्हणू नये. उंची सर्वसाधारण असेल तर तुमच्या मुलाचा आकडा उच्च रक्तदाबाच्या पहिल्या पायरीत बसतो. अशा वेळी एक-दोन आठवड्यांनी परत मोजायचं, तेव्हाही वर असेल तर तीन महिन्यांनी, आणि तिसऱ्यांदाही वरच आलं तर निदान पक्कं. काही मुलांचं बीपी फक्त दवाखान्याचा वास आला की चढतं. तशी शंका असेल तर २४ तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र मिळतं, त्यातून खरं काय ते कळतं. मात्र १४०/९० किंवा त्याच्या वर आकडा असेल, किंवा डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, दिसायला अंधूक झालंय, झटका आलाय, तर आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

आता उजव्या हाताचं. आमच्याकडं एक मुलगी आली होती, आठ वर्षांची, अंगानं किरकोळ. डोकं दुखतं म्हणून दोनदा चष्म्याचा नंबर काढून झाला होता, दृष्टही काढून झाली होती. बीपी कुणी मोजलं नव्हतं, कारण बारीक मुलीचं बीपी मोजावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. उजव्या हातात १५० च्या वर निघालं. जांघेतली नाडी चाचपली तर हाताला लागेना. पायात बीपी हातापेक्षा दहा-वीसनं जास्त असायला हवं, तिचं कमी होतं. टूडी इकोत दिसलं, हृदयातून निघणारी महारोहिणी एका जागी जन्मतःच चिमटीत धरल्यासारखी अरुंद होती. ती अरुंद जागा डाव्या हाताच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी किंवा तिच्या आधी असेल तर डाव्या हातात बीपी खोटं कमी दिसतं, म्हणून उजवा हात. शस्त्रक्रिया झाली. आज ती कॉलेजला जाते आणि वर्षातून एकदा बीपी दाखवून जाते. दोन बोटं जांघेत ठेवायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं प्रत्येक मुलात प्रत्येक डॉक्टरनं करावं, असं मला मनापासून वाटतं.

मूल जितकं लहान आणि बीपी जितकं जास्त, तितकं मागं काहीतरी कारण असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात जास्त वेळा ते मूत्रपिंडात सापडतं. लहानपणी वारंवार लघवीत जंतुसंसर्ग होऊन पडलेले व्रण, जन्मतःची रचना, मूत्रपिंडाची अरुंद रक्तवाहिनी. आपल्या देशात ही रक्तवाहिनी अरुंद होण्यामागं ताकायासू नावाचा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार बऱ्याचदा असतो. म्हणून तपासणीत लघवी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम असतं, आणि सहा वर्षांखालच्या मुलात किंवा लघवीत दोष दिसला तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी. सहा वर्षांवरचं, वजन जास्त असलेलं, घरात बीपी असलेलं मूल असेल, तर कारणांच्या मागं लागून डझनभर तपासण्या करायची गरज नसते. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटातला दिसतो. पण जन्मावेळी वजन किती होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, लघवीचा त्रास झाला होता का, हे डॉक्टरांना सांगा. ते सांगायला आई विसरते आणि विचारायला आम्ही.

आता कोलेस्टेरॉल, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे.

पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्या घरातल्या मुलांचं कोलेस्टेरॉल दोन वर्षांच्या वयानंतर कधीही तपासून घ्यावं असं शास्त्र सांगतं. आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी, सगळे यात आले. तुमच्या नवऱ्याला तर ३८ होतं. एवढ्या लवकर अटॅक आला की 'तंबाखू खात होता', 'टेन्शन होतं' म्हणून विषय मिटवला जातो. ती कारणं खरी असतातही. पण त्यांच्या आड कौटुंबिक हायपरकोलेस्टेरॉलेमिया नावाचा आजार लपून राहतो. यात एका सदोष जनुकामुळं यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, आणि ते जन्मल्या दिवसापासून वाढलेलं असतं. साधारण २५० माणसांमागं एकाला हा दोष असतो, म्हणजे हजार मुलांच्या शाळेत चौघांना. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. जाडेपणाशी त्याचा काही संबंध नाही. बारीक, धावणाऱ्या, तूप न खाणाऱ्या मुलीतही तो तितकाच असू शकतो. अंगावरून कळत नाही, रक्तच काढावं लागतं.

म्हणून येताना नवऱ्याची जुनी फाईल आणा. आजचा रिपोर्ट नको, कारण आज ते स्टॅटिनची गोळी घेत असणार आणि गोळीनं एलडीएल खाली आणलेलं असणार. मला हवा आहे तो अटॅकच्या आधीचा, नाहीतर दाखल झाल्याच्या पहिल्या दिवसाचा लिपिड, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीचा रिपोर्ट. नंतरच्या दिवसांत एलडीएल आपोआप थोडं उतरतं. मोठ्या माणसात गोळीविना १९० च्या वर एलडीएल असेल तर या आजाराचा दाट संशय घ्यायचा. टाचेच्या मागच्या जाड शिरेवर, बोटांच्या पेरांवर पिवळट गाठी आहेत का, तेही बघा. आणि त्यांचं एलडीएल साधंच असेल तर त्यांच्याच रक्तात लायपोप्रोटीन (ए) एकदा बघून घ्यावं. तेही आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही.

आपल्या भागापुरतं एक सांगायलाच हवं. सांगली, सातारा, कोल्हापूरकडं मामाची मुलगी करायची रीत अजून आहे. मी कुणाच्या लग्नाला नावं ठेवत नाही. पण नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील तर हा दोष दोन्हीकडून एकाच मुलात येऊ शकतो. अशा मुलाचं एलडीएल ४००, ५०० च्या पुढं जातं, कोपर-गुडघ्यांवर, ढुंगणावर पिवळ्या गाठी येतात आणि अटॅक शाळकरी वयातही येऊ शकतो. असं मूल क्वचितच सापडतं, पण त्या गाठी 'चामखीळ' म्हणून जाळून घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. तुमचं लग्न नात्यातलं असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

तपासणीसाठी उपाशी राहायची गरज नसते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल वजा केलं की जो आकडा उरतो, तो जेवल्यावरही भरवशाचा असतो. मुलांत तो १२० च्या खाली हवा, १४५ च्या वर गेला तर जास्त. एलडीएल ११० च्या खाली चांगलं, १३० च्या वर जास्त. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी बघायची तर मात्र उपाशीपोटी रक्त द्यावं. ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, आणि कुठलाही निर्णय दोन रिपोर्टच्या सरासरीवरच घ्या. मुलाचं १० वय तपासणीला अगदी योग्य आहे. वयात येताना एलडीएल तात्पुरतं १० ते २० टक्क्यांनी उतरतं आणि १२ ते १६ च्या दरम्यानचा चांगला रिपोर्ट फसवू शकतो. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तर थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन बघायचं, कारण थायरॉइड मंद असेल किंवा मूत्रपिंडातून प्रोटीन जात असेल तरीही ते वाढतं.

मग सरसकट सगळ्याच मुलांचं रक्त काढावं का? यावर जाणत्यांत मतभेद आहेत, आणि ते तुम्हाला माहीत असावेत. अमेरिकेत २०११ साली एका तज्ज्ञ समितीनं ९ ते ११ वयात सगळ्यांचं एकदा कोलेस्टेरॉल बघावं असं सांगितलं. तिथल्याच दुसऱ्या समितीनं २०२० साली बीपीबद्दल आणि २०२३ साली कोलेस्टेरॉलबद्दल म्हटलं, की काहीच लक्षण नसलेल्या सगळ्या मुलांना तपासून फायदा किती आणि तोटा किती, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. स्लोव्हेनिया या छोट्या देशात १९९५ पासून पाचेक वर्षांच्या मुलांचं कोलेस्टेरॉल तपासतात आणि त्यातून आई-वडिलांचाही आजार सापडतो. माझं मत असं: बीपी तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक मुलाचं वर्षातून एकदा मोजावं, त्याला खर्च नाही आणि सुईही नाही. कोलेस्टेरॉल आधी तुमच्यासारख्या घरांतल्या, आणि वजन, बीपी किंवा साखर जास्त असलेल्या मुलांचं बघावं. गावोगावी शिबिरं घालून सरसकट रक्त काढायचं आणि रिपोर्ट समजावायला पुढं कुणीच नाही, याला माझा विरोध आहे.

आपल्या मुलांना मात्र 'बारीक म्हणजे निरोगी' हा नियम लागू पडत नाही, हे पुण्याजवळच्याच खेड्यांनी दाखवलं. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी मात्र वजनाच्या मानानं राखलेली. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर झालेल्या पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या ३४ टक्के मुलांची ट्रायग्लिसराइड जास्त निघाली. ही सगळी काही गुटगुटीत नव्हती.

सासूबाईंना एवढं सांगा, की मुलाला उपाशी ठेवायचं नाही. त्यांच्या काळची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक हाच आमचाही सल्ला आहे. बदलायचं ते चार ते सात या वेळातलं. शाळेतून आल्यावर भडंग, फरसाण, खारी, पाच-दहा रुपयांची पाकिटं, यात मीठ आणि पामतेल दोन्ही जातं. सांगलीत राहून भडंग बंद करा असं मी सांगणार नाही, पण ते पातेलं भरून घरात रोज असू नये. त्याजागी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे बिनमिठाचे, पेरू, केळं, द्राक्षाच्या दिवसांत द्राक्षं. ताटात वरून मीठ, रोज पापड-लोणचं हे घरातल्या सगळ्यांचंच कमी करा. एकट्या मुलाचं वेगळं ताट केलं तर ते चार दिवस टिकतं. अंड्याला घाबरू नका. ट्रायग्लिसराइड वाढलेली असतील तर गोड पेयं, सरबतं आणि उसाचा रस कमी करणं, तूप कमी करण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि रोज तासभर घाम येईल असा खेळ. सायकल, कबड्डी, काहीही. तालमीत घालायचा विचार असेल तर थांबायला सांगत नाही. फक्त बीपी दुसऱ्या, म्हणजे त्याहूनही वरच्या पायरीचं निघालं, तर ते ताब्यात येईपर्यंत कुस्ती आणि वजनं उचलणं नको. खुराक म्हणून दूध-तूप-बदाम ओतण्याआधी लिपिड रिपोर्ट बघा.

गोळ्यांचं विचारलंत. पहिल्या पायरीचं बीपी असलेल्या बहुतेक मुलांना गोळी लागत नाही. वजनाची वाढ थांबली आणि उंची वाढत राहिली, तरी सहा महिन्यांत बीपी खाली आलेलं दिसतं. खाण्या-खेळण्यात बदल करूनही वरच राहिलं, दुसऱ्या पायरीचं निघालं, किंवा त्रास होऊ लागला, तरच औषध. कोलेस्टेरॉलचंही तसंच, आधी सहा महिने आहार. पण आहारानंतरही एलडीएल १९० च्या वर राहिलं, किंवा तुमच्यासारख्या घरात १६० च्या वर, तर आठ-दहा वर्षांपासून स्टॅटिन द्यावं लागतं, आणि हो, ते बहुधा कायमचं असतं. हे लपवून मी तुमचा विश्वास मिळवणार नाही. नेदरलँड्समध्ये अशा २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू करून २० वर्षं बघितलं. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी १ टक्क्याला हृदयविकाराचा झटका वगैरे आला. हाच आजार असलेल्या त्यांच्या आई-वडिलांत, ज्यांना त्या वयात ही गोळी मिळाली नव्हती, हे प्रमाण २६ टक्के होतं. तुमच्या नवऱ्याचं ३८वं वर्ष डोळ्यांपुढं ठेवून हे दोन आकडे वाचा.

मुलीला गोळी लागली तर 'लग्नात आडवं येईल' ही भीती पालक हळू आवाजात बोलून दाखवतात. आजार लपवल्यानं तो जात नाही, आणि या गोळीवर मुली शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगून गोळी थांबवायची, एवढं तिला मोठेपणी समजावून सांगा.

येताना शाळेचा कागद, दोन्ही मुलांची जन्माची आणि लसीची कार्डं आणि नवऱ्याची फाईल घ्या. मुलाच्या बीपीसाठी सकाळची वेळ घ्या, शाळा सुटल्यावरची नको. मुलीचाही नंबर वेगळा लावा, नाहीतर ती दादाच्या तपासणीला सोबत आलेली म्हणून बाकावर बसून परत जाईल. आणि नवऱ्याला सख्खे भाऊ-बहीण असतील तर त्यांना आजच फोन करा, त्यांचंही लिपिड प्रोफाइल व्हायला हवं.